उद्याच्या वर्डलचं उत्तर त्या बॉटला आजच कसं कळलं? शब्दखेळांचे एपीआय आणि 'क्लायंट लायब्ररी' म्हणजे काय?

जानेवारी २०२२. ट्विटरवर जिकडेतिकडे हिरवे, पिवळे आणि काळे चौकोन. कुणाला वर्डल तिसऱ्या प्रयत्नात सुटलं, कुणाला सहाव्या. लोक आपापले चौकोन टाकत होते आणि त्याखाली अचानक एक अनोळखी अकाउंट येऊन उद्याच्या कोड्याचं उत्तर लिहून जात होतं. न विचारता.

'वर्डलिनेटर' नावाचा तो बॉट होता. बॉट म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने चालवलेलं अकाउंट. लोक वैतागले, तक्रारी झाल्या आणि ट्विटरने ते अकाउंट बंद केलं. पण अनेकांच्या मनात प्रश्न राहिलाच: उद्याचा शब्द याला कळला कसा? कुणी आतला माणूस फुटला होता का? हॅकिंग झालं होतं का?

यातलं काहीच झालं नव्हतं. उत्तर तुमच्याकडेही होतं. वर्डल उघडलं की ते तुमच्याच मोबाइलमध्ये उतरत होतं, आणि नुसतं उद्याचं नाही, तर पुढच्या काही वर्षांचं.

उत्तरं नेमकी होती कुठे?

वर्डल बनवलं जॉश वॉर्डल या सॉफ्टवेअर इंजिनिअरने, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. त्यांच्या जोडीदार पलक शाह यांना शब्दखेळ आवडतात, म्हणून घरच्या घरी खेळायला. आडनावातल्या 'वॉर्ड'चा 'वर्ड' केला आणि गेमचं नाव ठरलं. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२ हजार निघाले, पण त्यातले बहुतेक कुणी कधी ऐकलेले नसतात. शाह यांनी ते चाळून, ओळखीचे वाटणारे साधारण अडीच हजार बाजूला काढले. शेवटी गेमच्या कोडमध्ये उत्तरं म्हणून २,३१५ शब्द गेले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये गेम सगळ्यांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला तो ९० जणांनी खेळला होता. दोनच महिन्यांनी हा आकडा तीन लाखांवर गेला. मधल्या काळात, डिसेंबरमध्ये, ते चौकोन शेअर करायची सोय आली होती. उत्तर न फोडता फुशारकी मारता येते ही त्यातली खरी गंमत.

आता कोडकडे वळू. वेबसाइट उघडली की तिच्यासोबत जावास्क्रिप्टची एक फाइल तुमच्या ब्राउझरमध्ये येते. वर्डलच्या फाइलमध्ये ते २,३१५ शब्द ओळीने, ज्या क्रमाने विचारले जाणार होते त्याच क्रमाने, लिहिलेले होते. गेम तुमच्या मोबाइलमधली तारीख बघायचा, १९ जून २०२१ पासून किती दिवस झाले ते मोजायचा आणि तितक्या क्रमांकाचा शब्द उचलायचा. बस. मोबाइलची तारीख एक दिवस पुढे केली की उद्याचं कोडं समोर. यादी ऑक्टोबर २०२७ पर्यंत पुरणारी होती आणि ज्याला ब्राउझरमध्ये 'सोर्स कोड' बघता येतो, त्याला ती सगळी दिसत होती. बॉटने तेवढंच केलं.

वॉर्डल यांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. घरातल्या माणसासाठी बनवलेल्या खेळाला तिजोरी कशाला? बक्षीस नाही, पैसे नाहीत, खातं उघडणंही नाही. फसवलं तर स्वतःलाच.

एकाच दिवशी दोन उत्तरं

अडचण आली ती गेमचा मालक बदलल्यावर. ३१ जानेवारी २०२२ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वर्डल विकत घेतल्याचं जाहीर केलं. किंमत नेमकी सांगितली नाही, फक्त दहा लाख डॉलरच्या वर एवढाच अंदाज दिला. त्यानंतर यादीतले काही शब्द काढले गेले. काही अपमानकारक होते, काही फारच अनोळखी.

पण यादी कुठे होती? प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये. ज्यांचं पान नव्या वेबसाइटवरून आलं त्यांना नवी यादी मिळाली, ज्यांच्याकडे जुनं पान उघडं राहिलं ते जुन्याच यादीवर. १५ फेब्रुवारी २०२२ ला काहींना उत्तर होतं 'अगोरा' आणि बाकीच्यांना 'अरोमा'. चौकोनांवरून भांडणं जुंपली.

९ मे २०२२ ला प्रकरण जास्त नाजूक झालं. त्या दिवशीचा जुन्या यादीतला शब्द होता 'फीटस', म्हणजे गर्भ. शब्द कित्येक महिने आधीपासून तिथे बसलेला होता. पण त्याच्या आठवडाभर आधी गर्भपाताच्या हक्काबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मसुदा फुटला होता आणि देश त्यावरून तापला होता. टाइम्सने शब्द बदलून 'शाइन' केला, पण ज्यांनी पान रिफ्रेश केलं नव्हतं त्यांना जुनाच शब्द आला. हा निव्वळ योगायोग आहे, असं टाइम्सला जाहीरपणे सांगावं लागलं. सगळ्यांना एकच शब्द मिळावा म्हणून तंत्रज्ञान बदलत आहोत, हेही त्यांनी सांगितलं.

म्हणजे करायचं काय? यादी प्रत्येकाच्या खिशात देण्याऐवजी आपल्याकडे, सर्व्हरवर ठेवायची. ज्याला आजचा शब्द हवा, त्याने येऊन विचारायचं. या 'येऊन विचारण्याच्या' ठरलेल्या पद्धतीलाच एपीआय म्हणतात.

एपीआय म्हणजे खिडकी

सरकारी कचेरीतली खिडकी डोळ्यांसमोर आणा. आत काय चाललंय, फाइली कुठल्या कपाटात आहेत, हे तुम्हाला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. अर्ज ठरलेल्या नमुन्यात द्यायचा, सोबत ठरलेली कागदपत्रं जोडायची; ठरलेल्या नमुन्यात उत्तर मिळतं. नमुना चुकला तर अर्ज परत.

वेब एपीआय तसाच. 'अर्ज' म्हणजे एक वेब पत्ता. अमुक सर्व्हर, अमुक विभाग, अमुक तारीख, असं सगळं त्या पत्त्यातच लिहिलेलं असतं. उत्तर येतं ते बहुतेक वेळा 'जेसन' नावाच्या साध्या नमुन्यात. त्यात रंग, चित्रं काही नसतं. फक्त नावं आणि त्यांच्यासमोर किमती. टाइम्सच्या वर्डलमध्ये ब्राउझर तारीख घालून सर्व्हरला विचारतो आणि एक लहानसं पाकीट परत येतं. त्यात कोड्याचा क्रमांक, छापायची तारीख, संपादकाचं नाव आणि उत्तर. नोव्हेंबर २०२२ पासून वर्डलला स्वतंत्र संपादक आहेत, ट्रेसी बेनेट.

हो, पाकिटात उत्तर असतंच. तुमचा अंदाज बरोबर की चूक हे अजूनही तुमच्याच ब्राउझरमध्ये तपासलं जातं, म्हणून उत्तर तिथपर्यंत पोहोचावंच लागतं.

मग क्लायंट लायब्ररी कशाला?

पुन्हा कचेरीत जाऊ. खिडकीबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस आठवतोय? कोणता अर्ज, किती रुपयांचं तिकीट, सही कुठे, कोणत्या खिडकीवर आधी जायचं, हे सगळं त्याला पाठ असतं. तुम्ही म्हणता, 'दादा, वारसाची नोंद करायचीय.' पुढचं तो बघतो.

क्लायंट लायब्ररी म्हणजे हा माणूस, पण कोडमधला. 'क्लायंट' म्हणजे विचारायला जाणारा. 'लायब्ररी' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला, तुमच्या प्रोग्राममध्ये जोडता येणारा कोड. तुम्ही एका ओळीत सांगता, 'आजचा शब्द आण.' लायब्ररी पत्ता तयार करते, तुमची ओळख जोडते, अर्ज पाठवते, आलेलं पाकीट फोडते आणि शब्द तुमच्या हातात ठेवते. सर्व्हरने नकार दिला तर का दिला हेही समजेल अशा भाषेत सांगते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढे लागतील. खिडकी जे देत नाही ते बाहेरचा माणूस देऊ शकत नाही. आणि त्याच्याकडे काम सोपवताना तुम्ही तुमची कागदपत्रं त्याच्या हातात देता.

शब्दांच्या बाबतीत याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'वर्डनिक'. हा इंग्रजीचा ऑनलाइन शब्दकोश आहे, कोशकार एरिन मॅकीन यांनी सुरू केलेला, आता ना-नफा तत्त्वावर चालणारा. त्याचा एपीआय प्रोग्रामरांसाठी खुला आहे. अर्थ, उदाहरणं, आजचा शब्द, यादृच्छिक म्हणजे कोणताही एक शब्द, इतकंच काय, स्क्रॅबलमध्ये त्या शब्दाला किती गुण मिळतील तेही विचारता येतं. त्यामुळे शब्दखेळ बनवणाऱ्यांची तिथे ये-जा असते.

वर्डनिकचं एक मोठं देणं मात्र फार जणांना ठाऊक नसतं. पायथनवाल्याला पायथनची लायब्ररी हवी, जावावाल्याला जावाची, मोबाइल ॲपवाल्याला आणखी वेगळी. प्रत्येक भाषेसाठी हाताने लिहायची आणि एपीआयमध्ये जरा काही बदललं की सगळ्या पुन्हा दुरुस्त करायच्या? २०१०-११ च्या सुमारास वर्डनिकमधल्या टोनी टॅम यांनी यावर तोड काढली. एपीआयचं वर्णन एका ठरावीक नमुन्यात लिहायचं: कोणत्या खिडक्या आहेत, प्रत्येकीला काय द्यायचं, काय परत येतं. मग त्या वर्णनावरून वेगवेगळ्या भाषांमधल्या लायब्ररी यंत्रानेच तयार करायच्या. या पद्धतीचं नाव 'स्वॅगर'. २०१६ पासून ती 'ओपन एपीआय' या नावाने ओळखली जाते आणि आज असंख्य कंपन्या आपल्या एपीआयचं वर्णन तिच्यातच करतात. शब्दकोशाच्या गरजेतून निघालेली गोष्ट तुमच्या रोजच्या ॲप्सच्या पोटात जाऊन बसली आहे.

घरच्या ग्रुपसाठी खेळ बनवायचा तर?

समजा तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द निवडणारा लहानसा प्रोग्राम तुम्हाला लिहायचा आहे. पायरी पहिली: वर्डनिककडे नाव नोंदवून 'एपीआय की' मागायची. ही एक लांबलचक चावी असते, अक्षरं आणि आकडे एकत्र केलेली. कोण विचारतंय आणि किती वेळा, हे सर्व्हरला त्या चावीवरून कळतं.

मग लायब्ररी जोडायची आणि तिला तीन गोष्टी सांगायच्या: ही माझी चावी, शब्दाची किमान लांबी पाच, कमाल लांबीही पाच. शब्द येतो.

चावी चुकली तर ४०१ हा आकडा येतो: 'तू कोण, ओळखत नाही.' शब्द कोशात नसेल तर ४०४. फार घाईघाईने, एकामागोमाग एक विचारत सुटलात तर ४२९, म्हणजे 'थांब जरा, रांगेत इतरही आहेत.' चांगली लायब्ररी ४२९ आल्यावर स्वतःच थोडं थांबून पुन्हा विचारते, आणि दर वेळी जास्त थांबते. वाईट लायब्ररी तशीच दार वाजवत राहते आणि तुमची चावी बंद पडते. लायब्ररी निवडताना मी आधी हेच बघेन. बाकी सगळं नंतर.

पण प्रोग्राम सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर तक्रार येणार. काकू विचारणार, 'हा कुठला शब्द काढलास?' कारण मोठ्या कोशातून कोणताही शब्द उचलला तर तो बहुधा कुणी न ऐकलेला निघतो. वर्डनिकच्या खिडकीवर 'लेखनात निदान इतक्या वेळा आढळलेलाच शब्द दे' अशी अट घालता येते. तिने बरंच गाळलं जातं, सगळं नाही. पलक शाह यांनी १२ हजार शब्द एकेक करून का चाळले, ते इथे कळतं. एपीआय शब्द देतो. त्यातला कुठला शब्द सकाळच्या चहासोबत विचारण्यासारखा आहे, हे त्याच्या पाकिटात येत नाही.

मराठी शब्द टाकला की गाडी अडते

मराठी विकिपीडियाच्या एखाद्या लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की ती कधीकधी टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली, चार ओळींची होऊन जाते. ते बघून अनेकांना लिंक बिघडल्यासारखी वाटते. बिघडलेली नसते. वेब पत्त्यात देवनागरी थेट पाठवता येत नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाचे तीन तुकडे करून, प्रत्येक तुकडा टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन खुणा अशा रूपात लिहिला जातो. 'स्वातंत्र्य' हा शब्द पत्त्यात घातला की ९९ खुणांचा होतो.

हे रूपांतर क्लायंट लायब्ररी गुपचूप करून टाकते. हाताने पत्ता जोडणारे नवे प्रोग्रामर मात्र इथेच आपटतात.

पण शब्दखेळात खरी अडचण पुढे आहे: अक्षरं मोजायची कशी? 'स्वातंत्र्य' किती अक्षरी? शाळेतलं पोर सांगेल, तीन. स्वा, तं, त्र्य. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर उत्तर येतं ११, कारण ते हलन्त, काना, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजतं. युनिकोडमध्ये 'डोळ्यांना एक दिसणारा गट' मोजायचे नियम आहेत. जुन्या नियमांनी मोजलं तर जोडाक्षरं फुटायची आणि उत्तर यायचं सहा: स्, वा, तं, त्, र्, य. देवनागरीतली जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम युनिकोडमध्ये आला तो २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. तेव्हा कुठे यंत्राचं उत्तर तीन आलं. ज्या फोनमधलं सॉफ्टवेअर जुनं आहे, तिथे अजूनही सहाच येणार.

म्हणजे तोच खेळ, तोच शब्द आणि दोन फोनवर चौकोनांची संख्या वेगळी. १५ फेब्रुवारीच्या 'अगोरा-अरोमा'पेक्षा हा घोळ जास्त वाईट.

त्यात मराठीचं खास दुखणं म्हणजे 'दऱ्या'मधला र्‍य. हा दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात 'ऱ' हे वेगळं चिन्ह वापरलं जातं, दुसऱ्यात साधा 'र' आणि हलन्त यांच्यामागे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. आजीने एका कीबोर्डवर बरोबर उत्तर लिहावं आणि खेळाने 'चूक' म्हणावं, असं यातून होतं. लिपीतल्या अशा फरकांसाठी युनिकोडने जी सरसकट सफाईची सोय दिली आहे, तीसुद्धा हे दोन एक करत नाही. मराठी शब्दखेळ करणाऱ्याला ते स्वतःच्या कोडमध्ये, हाताने करावं लागतं. लायब्ररी शब्दाची ने-आण करते. शब्दात काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

अधिकृत नसलेली लायब्ररी वापरावी का?

वर्डनिकने स्वतः खिडकी उघडून पाटी लावली आहे. सगळे खेळ तसं करत नाहीत. मोबाइलवर दोघांत खेळायचे, स्क्रॅबलसारखे खेळ घ्या. उदाहरणार्थ नॉर्वेतून आलेला 'वर्डफ्यूड'. अशा खेळाचं ॲप त्याच्या सर्व्हरशी बोलतं, म्हणजे आत एपीआय असतो. पण तो त्या ॲपसाठी असतो, तुमच्यासाठी नाही. मग हौशी प्रोग्रामर ॲप आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं ऐकतात, पत्ते टिपून घेतात आणि त्यावर लायब्ररी लिहून गिटहबवर मोफत ठेवतात. हेतू बहुतेकदा साधा असतो: आपले जुने डाव बघावेत, आकडेवारी काढावी, जमलं तर आपल्याऐवजी खेळणारा बॉट करून बघावा.

अशी लायब्ररी चालते, पण पाया भुसभुशीत. खिडकी कुणासाठी जाहीर केलेली नाही, त्यामुळे कंपनी ती न सांगता कधीही हलवू शकते. परवापर्यंत चालणारा कोड आज सकाळी बंद पडतो आणि तक्रार कुणाकडे करणार? शिवाय बॉटने खेळणं हे समोरच्या खऱ्या माणसाची फसवणूक आहे. वर्डलमध्ये तुम्ही स्वतःला फसवता. इथे समोर कुणीतरी डोकं खाजवत बसलेलं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओळख. जाहीर एपीआयला तुम्ही चावी देता. चावी फुटली तर ती रद्द करून नवी मागता येते, तुमचा ईमेल सुरक्षित राहतो. जाहीर नसलेल्या खिडकीवर मात्र लायब्ररीला ॲपचं सोंग घ्यावं लागतं, म्हणून ती तुमचा ईमेल आणि पासवर्डच मागते. कचेरीबाहेरच्या माणसाला अर्जासोबत घराची किल्लीही द्यावी, तसं हे. आणि कितीतरी लोकांचा खेळाचा पासवर्ड तोच ईमेलचाही असतो.

ट्विटरही पूर्वी असंच चालायचं. बाहेरची ॲप्स तुमचा पासवर्ड मागून तुमच्या नावाने पोस्ट करायची. ३१ ऑगस्ट २०१० पासून ट्विटरने ते बंद केलं. त्याऐवजी 'या ॲपला परवानगी द्यायची का?' असं विचारणारं पान येतं. त्यात पासवर्ड ॲपकडे जात नाही. मर्यादित कामापुरता एक परवाना जातो आणि तो सेटिंगमध्ये जाऊन केव्हाही काढून घेता येतो. 'तुमचा वर्डल स्कोअर आपोआप पोस्ट करू' असं सांगणारी एखादी साइट त्या परवानगीच्या पानाऐवजी थेट पासवर्ड लिहायला सांगत असेल, तर तिथूनच परत फिरा.

नावात एका रेघेचा फरक

लायब्ररी अधिकृत असली तरी ती कुठून घेता ते बघावं लागतं. पायथन, जावास्क्रिप्ट यांची लायब्ररींची मोठी सार्वजनिक कोठारं आहेत. तिथे कुणीही आपली लायब्ररी ठेवू शकतं. २०१७ मध्ये जावास्क्रिप्टच्या 'एनपीएम' या कोठारात एक प्रकार उघडकीला आला. 'क्रॉस-एनव्ही' नावाची एक लोकप्रिय लायब्ररी होती. कुणीतरी मधली आडवी रेघ काढून, बाकी तेच नाव देऊन दुसरी ठेवली. घाईत रेघ विसरलेल्यांनी ती घेतली. ती वरकरणी नीट चालायची, पण घेतानाच त्या कॉम्प्युटरवरच्या 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' परस्पर बाहेर पाठवायची. प्रोग्रामर आपल्या चाव्या नेमक्या तिथेच ठेवतात.

चाव्या आणखी एका मार्गाने जातात, आणि तो सोशल मीडियावरचाच आहे. पहिला प्रोग्राम चालला की त्याचा स्क्रीनशॉट टाकायचा मोह कुणाला होत नाही? त्यात वरच्या तिसऱ्या ओळीत चावी वाचता येते. तीच गत कोड गिटहबवर टाकताना. नंतर ती ओळ पुसली तरी जुनी आवृत्ती इतिहासात राहते. अशा वेळी पुसत बसण्यापेक्षा ती चावी ताबडतोब रद्द करावी. आणि वेबपानाच्या जावास्क्रिप्टमध्ये चावी लिहिली, तर ती वर्डलच्या त्या २,३१५ शब्दांइतकीच उघडी. ब्राउझरमध्ये गेलेलं काहीही बघणाऱ्याला दिसतं.

कायद्याचीही एक बाजू आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने वर्डलसारख्या खेळांच्या कोडविरुद्ध गिटहबला कॉपीराइटच्या नोटिसा पाठवल्या. त्यातल्या 'रिॲक्टल' या एका प्रकल्पाच्या सुमारे १,९०० नकला लोकांनी करून घेतल्या होत्या. नोटीस त्या नकलांनाही लागू होती. कुणी दुसऱ्या भाषेत खेळ केला होता, कुणी शब्दांऐवजी भलतंच काही घातलं होतं. तुमच्या मराठी खेळाचा कोड असा कुठून उचललेला असेल तर हे माहीत असलेलं बरं.

उत्तर सर्व्हरवरच का ठेवत नाहीत?

शेवटी पहिल्या प्रश्नाकडे. वर्डलिनेटरला कायमचं थांबवायचं तर उत्तर ब्राउझरला द्यायचंच नाही. तुम्ही अंदाज पाठवा, सर्व्हर फक्त रंग परत पाठवेल: दोन हिरवे, एक पिवळा, दोन काळे. मग कितीही हुशार लायब्ररी आणली तरी ती उत्तर काढू शकणार नाही, कारण खिडकीपलीकडून ते येतच नाही. जिथे पैसे किंवा बक्षीस असतं, तिथे असंच करतात आणि करायलाच हवं.

त्याची किंमत असते. एका खेळाडूचे सहा अंदाज म्हणजे सर्व्हरकडे सहा फेऱ्या, आणि खेळणारे लाखोंनी. शिवाय दर अंदाजाला नेटवर्क लागणार. कसारा घाटात रेंज गेली की खेळ तिथेच थांबणार, चौथ्या ओळीवर.

जुन्या वर्डलला हे काहीच लागत नव्हतं. एकदा पान उतरलं की सगळा खेळ तुमच्याकडे. टाइम्सने गेम विकत घेतल्याची बातमी आली, तेव्हा पुढे पैसे मोजावे लागतील या धास्तीने कित्येकांनी ते वेबपान जसंच्या तसं आपल्या कॉम्प्युटरवर सेव्ह करून ठेवलं. त्यांच्याकडे ते अजून असेल तर त्यांना रोज एक कोडं मिळतंय, 'अगोरा' आणि 'फीटस'सकट, आणि यादी ऑक्टोबर २०२७ पर्यंत चालेल.